शब्दाचे मूळ आणि शब्दाचा अर्थ : युरोपीय भाषांतील काही उदाहरणे

शब्दांच्या मुळाविषयीचे कुतूहल भाषेच्या शास्त्रीय अभ्यासापेक्षा पुष्कळच जुने आहे. युरोपात या विद्येला जे नाव मिळाले त्या नावातच एक गृहीत गोष्ट दडलेली होती. ग्रीक भाषेत ‘एतुमोस्’ म्हणजे खरा, यथार्थ. आणि शब्दाच्या यथार्थ अर्थाचे विवेचन ती ‘एतुमोलोगिआ’. शब्द प्रथम ज्या अर्थाने योजला गेला तोच त्याचा खरा अर्थ, आणि पुढे आलेले अर्थ ही त्या अर्थाची झीज, अशी ही समजूत होती. इ. स. पूर्व पहिल्या शतकात वारो या रोमन पंडिताने लॅटिन भाषेवर ग्रंथ लिहिला आणि सातव्या शतकाच्या आरंभी सेव्हिलच्या इसिदोरने वीस भागांचा ज्ञानकोश रचला. वस्तूच्या नावाचे मूळ कळले की वस्तूचे स्वरूप कळते, अशी इसिदोरची श्रद्धा होती. ही श्रद्धा आज शास्त्रात उरलेली नाही. परंतु ‘या शब्दाचा मूळ अर्थ अमुक, म्हणून त्याचा खरा अर्थही तोच’ असा युक्तिवाद विद्वानांच्या लेखनातही वारंवार आढळतो.

या युक्तिवादात तीन निरनिराळे प्रश्न एकत्र मिसळले जातात. दोन शब्द एकाच मुळातून निघाले आहेत काय, हा पहिला प्रश्न. मूळ अर्थापासून आजच्या अर्थापर्यंत शब्द कोणत्या वाटेने आला, हा दुसरा. आणि शब्दाचा आज अर्थ काय, हा तिसरा. या तिन्ही प्रश्नांचे पुरावे वेगवेगळ्या प्रकारचे असतात, आणि एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरता येत नाही. युरोपीय भाषांचा इतिहास दीर्घकाळच्या लिखित साधनांनी ज्ञात असल्यामुळे हा भेद तेथे विशेष स्पष्टपणे दाखविता येतो.

१. एकमूलत्वाचा पुरावा

जुन्या व्युत्पत्तिकारांचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. लॅटिनमध्ये ‘लूकुस्’ म्हणजे देवराई आणि ‘लूकेरे’ म्हणजे प्रकाशणे. दाट राईत उजेड पोचत नाही. तेव्हा जी प्रकाशत नाही ती ‘लूकुस्’, असे स्पष्टीकरण दिले जाई. इ. स. पहिल्या शतकात क्विंटिलियनने अशा उलट्या व्युत्पत्तींविषयी शंका व्यक्त केली होती, आणि पुढे तर हे उदाहरण व्युत्पत्तीच्या नावाखाली चालणाऱ्या कल्पनाविलासाचा नमुना म्हणूनच सांगितले जाऊ लागले. गंमत अशी की तुलनात्मक भाषाशास्त्राने या शब्दाचा विचार केला तेव्हा दोन्ही शब्दांचे मूळ खरोखरच एक असल्याचे दिसून आले. प्रकाशवाचक अशा ज्या धातूपासून संस्कृतातील ‘रुच्’ आला, त्यापासूनच हे दोन्ही शब्द आले आहेत. झाडांच्या दाटीत जेथे उजेड पोचतो अशी मोकळी जागा, हा या नामाचा आरंभीचा अर्थ असावा. लिथुएनियन भाषेतील ‘लाउकास्’ म्हणजे शेत, आणि प्राचीन उच्च जर्मनमधील ‘लोह्’ म्हणजे राई. संस्कृतातील ‘लोक’ हाही याच कुळातला. ऋग्वेदात मोकळी जागा हा त्याचा एक महत्त्वाचा अर्थ आहे. नंतर तो जगाचा वाचक झाला, जगावरून जगात राहणाऱ्यांचा झाला, आणि मराठीत ‘लोक’ म्हणजे केवळ माणसे.

जुन्या व्युत्पत्तिकारांचे उत्तर योगायोगाने बरोबर निघाले, पण त्यांची रीत मात्र चुकीचीच होती. त्यांनी अर्थावरून मूळ शोधले. एकमूलत्व सिद्ध होते ते अर्थसाम्याने नव्हे आणि वरवरच्या ध्वनिसाम्यानेही नव्हे, तर ध्वनींच्या नियमित अनुबंधाने. १८२२ साली याकोब ग्रिम याने जर्मानिक भाषांतील व्यंजने व ग्रीक, लॅटिन, संस्कृत यांतील व्यंजने यांचा अनुबंध सूत्रबद्ध केला. १८७० नंतरच्या दशकात लाइपझिग येथील नवव्याकरणकारांनी ध्वनिनियमांना अपवाद नसतात, असे तत्त्व मांडले. या तत्त्वाची कसोटी किती कठोर आहे हे पुढील उदाहरणांवरून कळेल.

जर्मन ‘हाबेन’ आणि लॅटिन ‘हाबेरे’ या दोन्ही क्रियापदांचा अर्थ ‘जवळ असणे’ असा आहे, आणि रूपांतही विलक्षण साम्य आहे. तरी हे दोन शब्द सजातीय नाहीत. जर्मानिक ‘ह’ हा मूळच्या ‘क’पासून येतो, म्हणून ‘हाबेन’चा लॅटिनमधील आप्त शोधायचा तर तो ‘कापेरे’, म्हणजे पकडणे, हा ठरतो. फ्रेंच ‘फ्यो’ आणि जर्मन ‘फॉयर’ या दोहोंचा अर्थ विस्तव. पण पहिला लॅटिन ‘फोकुस्’, म्हणजे चूल, यापासून आलेला, तर दुसरा ग्रीक ‘प्युर’चा सजातीय. याउलट इंग्रजी ‘व्हील’, ग्रीक ‘कुक्लोस्’ आणि संस्कृत ‘चक्र’ यांत कानाला जाणवेल असे साम्य जवळजवळ नाही. तथापि प्रत्येक ध्वनीचा हिशेब नियमाने लागतो, म्हणून तिन्ही एकाच शब्दाची रूपे आहेत हे निर्विवाद आहे.

२. अर्थाला नियम नाहीत, वाटा आहेत

ध्वनीच्या बाबतीत जसे नियम सांगता येतात तसे अर्थाच्या बाबतीत सांगता येत नाहीत. ‘क’चा ‘ह’ झाला तर तो त्या भाषेत, त्या काळी, त्या परिस्थितीतल्या सर्व शब्दांत होतो; पण एका प्राणिवाचक शब्दाचा अर्थ आकुंचित झाला म्हणून दुसऱ्याचा होईलच असे नाही. पाठ्यपुस्तकांत अर्थपरिवर्तनाचे अर्थसंकोच, अर्थविस्तार, अर्थापकर्ष व अर्थोत्कर्ष असे प्रकार दिलेले असतात. जर्मन ‘टीर’ म्हणजे कोणतेही जनावर. त्याचा सजातीय इंग्रजी ‘डिअर’ हाही पूर्वी जनावर याच अर्थाचा होता; आज त्याचा अर्थ हरिण. हा अर्थसंकोच. फ्रेंच ‘आरिव्हे’ हे क्रियापद लॅटिनमधील ‘रीपा’, म्हणजे किनारा, या शब्दापासून बनले. मूळ अर्थ किनाऱ्यास लागणे, आजचा अर्थ कोठेही पोचणे. हा अर्थविस्तार. जर्मन ‘झेलिग’ म्हणजे धन्य, परमसुखी. त्याचाच इंग्रजी भाऊ ‘सिली’ हा निष्पाप, बापुडा, दुबळा अशा पायऱ्या उतरत मूर्ख या अर्थापर्यंत आला. जर्मन ‘क्नेख्ट’ म्हणजे गडी. प्राचीन इंग्रजीतील त्याच्याच रूपाचा अर्थ मुलगा किंवा सेवक असा होता, आणि राजाची शस्त्रसेवा करणाऱ्यांना तो लागू लागला तेव्हा त्यातून ‘नाइट’ ही मानाची पदवी निघाली. एका शब्दाचा एका भाषेत अपकर्ष आणि दुसऱ्या शब्दाचा त्याच भाषेत उत्कर्ष. दोहोंमागे एखादे सर्वसाधारण सूत्र सांगता येत नाही.

तथापि सूत्र नसले तरी वाटा आहेत, आणि त्या वाटा परस्परांशी संबंध नसलेल्या भाषांतही पुन्हा पुन्हा चोखाळल्या गेलेल्या दिसतात. ‘धन्य’पासून ‘मूर्ख’पर्यंतची वाट पाहावी. फ्रेंचमध्ये ‘बनॅ’ म्हणजे बावळट माणूस. हा शब्द लॅटिन ‘बेनेदिक्तुस्’, म्हणजे आशीर्वाद लाभलेला, याचे रूप आहे. संस्कृतात ‘देवानांप्रिय’ ही सम्राट अशोकाची गौरवाची उपाधी उत्तरकालीन व्याकरणग्रंथांत मूर्खाची वाचक ठरली. ‘टीर’ व ‘डिअर’ यांची वाट संस्कृत ‘मृग’ शब्दानेही धरली: वैदिक भाषेत कोणताही वन्य पशू तो मृग, आणि ‘मृगेंद्र’, ‘मृगया’, ‘शाखामृग’ या शब्दांत तो जुना अर्थ अद्याप टिकून आहे, मराठीत मृग म्हणजे हरिण. लॅटिन ‘तेस्ता’ म्हणजे मातीचे भांडे, खापर. त्यापासून फ्रेंच ‘तॅत’, म्हणजे डोके. जर्मन ‘कोप्फ’, म्हणजे डोके, याच्या मुळाशीही पेल्याचा वाचक शब्द आहे. आणि संस्कृतात ‘कपाल’ हे भिक्षापात्रही आहे व कवटीही. मराठीतील ‘कपाळ’ त्यातूनच आले.

अशा समांतर उदाहरणांचा उपयोग काय, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. एखादे अर्थांतर शक्य कोटीतले आहे, हे ती दाखवितात. ते प्रत्यक्षात घडले हे ती सिद्ध करीत नाहीत. ज्या शब्दाच्या ध्वनींचा हिशेब लागत नाही, त्याची व्युत्पत्ती केवळ समांतर अर्थांतराच्या आधारे मान्य करणे म्हणजे शक्यतेला पुरावा समजणे होय.

३. अर्थांतराची कारणे

संकोच, विस्तार ही नावे झालेल्या फलाची आहेत, कारणांची नव्हेत. कारणांचा विचार प्रामुख्याने फ्रान्समध्ये झाला. मिशेल ब्रेआल याने १८८३ साली अर्थविज्ञानाला आज रूढ असलेले फ्रेंच नाव दिले व १८९७ साली त्या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आंत्वान मेये याने शब्दांचे अर्थ कसे बदलतात या विषयावर एक निबंध लिहिला आणि तो समाजशास्त्राच्या वार्षिकात छापला गेला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. मेयेने कारणांचे तीन वर्ग केले: भाषेच्या रचनेतून उद्भवणारी, वस्तूंच्या बदलातून उद्भवणारी आणि समाजाच्या विभागणीतून उद्भवणारी.

पहिल्या वर्गाचे उदाहरण फ्रेंच नकारवाचक शब्दांचे. ‘रिअँ’ हा लॅटिन ‘रेम्’, म्हणजे वस्तू, याचा वंशज. ‘पा’ म्हणजे पाऊल. नकार ठासून सांगण्यासाठी ‘एक पाऊलही नाही’, ‘एक वस्तूही नाही’ अशा रचना होत. नकाराच्या सततच्या सहवासाने या शब्दांनी तो अर्थ स्वतःकडे ओढून घेतला. आज ‘रिअँ’ एकटा उच्चारला तरी ‘काही नाही’ असाच अर्थ होतो. होकारी शब्दाला नकाराचा अर्थ आला, आणि त्यासाठी समाजात काहीही बदलावे लागले नाही.

दुसऱ्या वर्गाचे उदाहरण लॅटिन ‘पेन्ना’, म्हणजे पीस. पिसाच्या टोकाने लिहीत असत म्हणून लेखणीला तेच नाव मिळाले. लेखणी धातूची झाली तरी नाव राहिले. नाव स्थिर राहिले आणि वस्तू त्याच्याखालून बदलली.

तिसऱ्या वर्गावर मेयेचा विशेष भर होता. भाषा बोलणारा समाज एकजिनसी नसतो. शेतकरी, सैनिक, धर्मगुरू, व्यापारी असे त्यात गट असतात. सर्वसामान्य शब्द एखाद्या गटात शिरला की त्या गटाच्या व्यवहारापुरता त्याचा अर्थ आकुंचित होतो. उलट गटातील शब्द सर्वांच्या बोलण्यात आला की तो पसरतो. लॅटिन ‘त्राहेरे’ म्हणजे ओढणे. गोठ्यातल्या बोलण्यात त्याचा अर्थ एकच, आणि म्हणून फ्रेंच ‘त्रॅर’ म्हणजे दूध काढणे. ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. त्याचे फ्रेंच रूप ‘पाँद्र’, म्हणजे अंडी घालणे. ‘फोकुस्’ शब्दाच्या दोन वाटा या दृष्टीने बोधक आहेत. घरगुती बोलण्यात चुलीचा शब्द विस्तवाला लागला आणि इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच या सर्व भाषांत त्याने ‘इग्निस्’ या जुन्या अग्निवाचक शब्दाला हाकलून दिले. तोच ‘फोकुस्’ केप्लरने १६०४ साली प्रकाशशास्त्रावरील लॅटिन ग्रंथात शंकुच्छेदाच्या नाभीसाठी योजला. चूल हा अर्थ तेथे नाहीसा झाला आणि गणितज्ञांच्या गटात त्याला अगदी निराळा, काटेकोर अर्थ मिळाला.

या तिन्ही वर्गांची कारणे एका शब्दात कशी एकवटतात, याचे उत्तम उदाहरण यकृताच्या नावाचे आहे. संस्कृत ‘यकृत्’, लॅटिन ‘येकुर्’ आणि ग्रीक ‘हेपार्’ हे निःसंशय सजातीय शब्द होत. परंतु आजच्या फ्रेंचमध्ये यकृताला ‘फ्वा’, इटालियनमध्ये ‘फेगातो’ आणि स्पॅनिशमध्ये ‘इगादो’ म्हणतात, व या सर्वांचे मूळ ‘फीकुस्’, म्हणजे अंजीर, हे आहे. अंजिरे चारून पुष्ट केलेल्या जनावराचे यकृत हे रोमन लोकांचे आवडते पक्वान्न होते; त्याला ग्रीकांच्या अनुकरणाने ‘येकुर् फीकातुम्’ म्हणत. वारंवार उच्चारामुळे पहिले पद गळाले आणि विशेषणच नाम झाले. मग स्वयंपाकघरातला शब्द सर्वांच्या बोलण्यात आला, पक्वान्नाचा शब्द कोणत्याही यकृताचा झाला, माणसाच्याही. आधुनिक ग्रीकमध्येही यकृताचा शब्द अंजिरापासूनच आलेला आहे. हा इतिहास लेखी साधनांनी ज्ञात नसता, तर अंजीर आणि यकृत यांची सांगड घालण्याचे धाडस कोणत्याही सावध अभ्यासकाने केले नसते. अर्थांतराच्या वाटेचा पुरावा म्हणजे कालक्रमाने लावलेले प्रत्यक्ष प्रयोग, तर्क नव्हे.

४. शब्दाचे शेजारी

आतापर्यंतच्या विवेचनात शब्द जणू एकटाच प्रवास करतो असे धरले गेले. विसाव्या शतकातील संशोधनाने हे चित्र बदलले. १९०२ ते १९१० या काळात झ्यूल झिल्येराँ याने फ्रान्सच्या बोलींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यासाठी एदमाँ एदमाँ या सहकाऱ्याने ६३९ गावी फिरून सामग्री गोळा केली होती. त्यातील एक नकाशा भाषाशास्त्रात गाजला. नैऋत्य फ्रान्समधील गास्कोनी प्रांताच्या बोलीत लॅटिन शब्दांतील शेवटच्या जोड ‘ल्ल’चा ‘त’ होतो. त्यामुळे ‘गाल्लुस्’, म्हणजे कोंबडा, याचे रूप ‘गात’ व्हावयास हवे. आणि ‘कात्तुस्’, म्हणजे मांजर, याचेही रूप ‘गात’च. शेतकऱ्याच्या अंगणात कोंबडा आणि मांजर यांना एकच नाव राहणे अशक्य होते. जेथे जेथे हे ध्वनिपरिवर्तन झाले, नेमक्या त्याच भागात कोंबड्याला दुसरे शब्द आले: कोठे मूळचा ‘फेझंट’ पक्ष्याचा वाचक शब्द, तर कोठे ‘बिगेय’, म्हणजे गावचा अंमलदार. अंमलदाराच्या नावाला कोंबडा हा अर्थ का मिळाला, याचे उत्तर त्या शब्दाच्या मुळात शोधून सापडणार नाही. ते दुसऱ्याच एका शब्दाच्या इतिहासात आहे.

१९३१ साली योस्ट त्रिअर याने जर्मन भाषेतील ज्ञानवाचक शब्दांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इ. स. १२०० च्या सुमारास ‘कुन्स्ट’ हा दरबारी, उच्च वर्गीयांच्या विद्येचा आणि ‘लिस्ट’ हा कारागिरांच्या कौशल्याचा वाचक होता, व ‘विस्हाइट’ या दोहोंना कवेत घेत असे. शंभर वर्षांनी ‘लिस्ट’ या क्षेत्रातून बाहेर पडला, एक नवा शब्द आत आला आणि ‘विस्हाइट’ आध्यात्मिक ज्ञानापुरता उरला. आजच्या जर्मनमध्ये ‘लिस्ट’ म्हणजे कावा. त्रिअरने तपासलेले ग्रंथ ठरावीक वर्गातले होते, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्त आहे. परंतु एका शब्दाची जागा हलली की शेजाऱ्यांच्याही सीमा हलतात, हे त्याचे प्रतिपादन टिकून राहिले. जुळ्या शब्दांचे अर्थ वेगळ्या भाषांत वेगळे का होतात याचे एक उत्तर यात आहे: प्रत्येक भाषेत त्यांना निराळे शेजारी मिळतात. इंग्रजीत फ्रेंच व लॅटिनमधून पशुवाचक शब्द आले आणि ‘डिअर’ला हरणापुरती जागा उरली, जर्मनमध्ये ‘टीर’ आपल्या जागी राहिला.

५. शब्दांवरून समाजाचा इतिहास

व्युत्पत्तीचा उपयोग इतिहासाचे साधन म्हणून केला जातो, आणि वरील भेद न पाळल्यास सर्वांत मोठी चूक येथे होते. लॅटिन ‘फागुस्’ आणि जर्मन ‘बूखे’ हे सजातीय शब्द ‘बीच’ नावाच्या वृक्षाचे वाचक आहेत. हा वृक्ष बाल्टिक समुद्राकाठच्या केनिग्सबर्गपासून क्रिमियापर्यंतच्या रेषेच्या पूर्वेस होत नाही. तेव्हा मूळ इंडो-युरोपीय भाषकांचे वसतिस्थान या रेषेच्या पश्चिमेस असले पाहिजे, असा युक्तिवाद दीर्घकाळ केला गेला. परंतु त्याच शब्दाचे ग्रीक रूप ‘फेगोस्’ हे ओक वृक्षाचे नाव आहे. ग्रीकांनी जुने नाव नव्या झाडाला दिले असणे शक्य आहे. इतरांनी तसे केले नसेलच, हे कशावरून? शब्दांचे एकमूलत्व येथे निश्चित आहे, मूळ अर्थ मात्र निश्चित नाही. आणि युक्तिवाद सगळा अर्थावर उभा आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या संशोधनाने काळ्या व कॅस्पियन समुद्रांच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून युरोपात झालेल्या मोठ्या स्थलांतराचा पुरावा दिला. एका वृक्षनामाच्या आधारे काढलेली रेषा तेव्हापासून अधिकच निरुपयोगी ठरली आहे.

याच्या उलट गाडीची शब्दसृष्टी पाहावी. इंग्रजी ‘व्हील’ व संस्कृत ‘चक्र’ यांचा उल्लेख वर आलाच आहे. लॅटिन ‘आक्सिस्’, जर्मन ‘आक्से’, रशियन ‘ओस्’ आणि संस्कृत ‘अक्ष’ हे सर्व गाडीच्या कण्याचे वाचक. लॅटिन ‘युगुम्’, जर्मन ‘योख’, ग्रीक ‘झुगोन्’ आणि संस्कृत ‘युग’ हे जोखडाचे. मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यातील चाक, आस आणि जू हे तिन्ही शब्द याच वंशातले आहेत, आणि हजारो वर्षांत त्यांचा अर्थ फारसा हललेला नाही. येथे एकच शब्द नसून एकाच व्यवहाराशी निगडित असा संच आहे, आणि निरनिराळ्या शाखांत अर्थ एकच आहे. मूळ भाषा बोलणाऱ्यांना चाकाची गाडी ठाऊक होती, हे अनुमान म्हणूनच बळकट ठरते. एका शब्दाची साक्ष आणि शब्दसंचाची साक्ष यांत हा फरक आहे.

दुसरे उदाहरण लॅटिन ‘होस्तिस्’चे. अभिजात लॅटिनमध्ये त्याचा अर्थ शत्रू. पण त्याचे सजातीय, जर्मन ‘गास्ट’ आणि रशियन ‘गोस्त’, यांचा अर्थ पाहुणा. केवळ तुलनेवर विसंबल्यास ‘प्राचीन रोमनांना प्रत्येक पाहुणा शत्रू वाटे’ असा चटकदार निष्कर्ष निघेल. सुदैवाने सिसेरोची साक्ष उपलब्ध आहे: पूर्वी ‘होस्तिस्’ म्हणजे केवळ परका माणूस, असे तो नमूद करतो. एमिल बेनव्हेनिस्त याने १९६९ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले की परस्परांशी देवघेवीच्या कर्तव्याने बांधलेला परका, असा या शब्दाचा जुना अर्थ होता. रोमचे राज्य वाढले, परक्यांशी असलेले हे संबंध मोडले आणि शब्दाला वैराचा अर्थ आला. तेव्हा शत्रुत्व हे मुळात नव्हते. ते रोमच्या इतिहासात आले.

जर्मन ‘त्साउन’ म्हणजे कुंपण, डच ‘तॉइन’ म्हणजे बाग, इंग्रजी ‘टाउन’ म्हणजे शहर. कुंपण, कुंपणातली झाडे, कुंपणातली घरे, अशी ही वाट सहज दिसते. आणि संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, त्यापासून निघालेल्या मराठी ‘वाडी’ शब्दात बागाईत व वस्ती हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत असल्याने तिचा प्रत्ययही येतो. तरीही इंग्रजीतली प्रत्येक पायरी मान्य होते ती वाडीच्या दाखल्यामुळे नव्हे. कुंपण, शेतवाडी, खेडे आणि शहर हे अर्थ इंग्रजी लेखनात क्रमाने नोंदले गेलेले आहेत म्हणून.

६. मूळ अर्थाचा अधिकार

शेवटचा प्रश्न आजच्या अर्थाचा. ‘गिफ्ट’ हा शब्द इंग्रजीत देणगीचा आणि जर्मनमध्ये विषाचा वाचक आहे. दोन्ही ‘देणे’ या क्रियापदापासूनच आले. जर्मनमधील अर्थ वैद्यांच्या भाषेतून आला: दिलेली मात्रा या अर्थाच्या ग्रीक ‘दोसिस्’ शब्दाचे ते प्रतिरूप होय. हुंड्याला जर्मनमध्ये ‘मिटगिफ्ट’ म्हणतात, त्या समासात जुना अर्थ उरला आहे. या दोन अर्थांपैकी खरा कोणता, हा प्रश्नच निरर्थक आहे. इंग्रजाला इंग्रजी अर्थ खरा, जर्मनाला जर्मन. आणि दोहोंचे मूळ एक हेही तितकेच खरे. मराठीत शिक्षा म्हणजे दंड व हिंदीत शिक्षण. यांपैकी संस्कृताला जवळचा अर्थ हिंदीतला आहे, म्हणून मराठी प्रयोग अशुद्ध ठरत नाही.

युरोपातील मोठ्या कोशांनी हे तत्त्व आपल्या रचनेतच उतरविले. ग्रिम बंधूंनी सुरू केलेला जर्मन कोश १८५४ पासून निघू लागला व १९६१ साली पुरा झाला. ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश १८८४ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाला. दोहोंचाही आधार कालक्रमाने दिलेले प्रत्यक्ष प्रयोग हा आहे. त्यांत व्युत्पत्ती नोंदीच्या आरंभी येते, परंतु अर्थ ठरतो तो त्याखालच्या उताऱ्यांनी. मराठी शब्दांच्या इतिहासाचे जे काम अजून व्हावयाचे आहे, त्यातही धातू व प्रत्यय यांच्या चर्चेपेक्षा ताम्रपट, बखरी, पत्रे व दफ्तरे यांतून तारीखवार प्रयोग गोळा करण्याचे काम मोठे आणि अधिक निकडीचे आहे.

हा भेद किती व्यवहार्य आहे, हे मराठीने युरोपकडून घेतलेल्या एका शब्दावरून दिसेल. ‘पगार’ हा पोर्तुगीज ‘पागार’, म्हणजे पैसे चुकते करणे, या क्रियापदापासून आला. त्याचे मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. सावकाराला शांत करायचे तर त्याचे देणे द्यावे लागते, म्हणून ‘देणे फेडणे’ हा अर्थ आला. ‘पाकारे’ हा ‘पाक्स’, म्हणजे तह, शांतता, या नामाशी संबद्ध आहे. आणि ते नाम बांधण्याच्या अर्थाच्या ज्या धातूपासून आले असे मानतात, त्याच्याच कुळात संस्कृत ‘पाश’ येतो. तेव्हा पगार आणि पाश हे दूरचे नातलग ठरतात. हे नाते ध्वनींच्या आधाराने सांगता येते; बांधणे, तह, समाधान, फेड, वेतन ही वाट टप्प्याटप्प्याने दाखविता येते. पण पगार म्हणजे मुळात पाशच, असे कोणी त्यावरून म्हणू लागला तर तो विनोद होईल, अर्थनिर्णय होणार नाही. पगाराचा अर्थ महिन्याच्या अखेरीस तो घेणाऱ्यांच्या बोलण्यात ठरतो, आणि अभ्यासकाने तो तेथूनच नोंदवून घेतला पाहिजे.